भिंतीआडचं काम

रंगारी काम उरकून गेला की रंगलेली भिंत समोर असते. सुतार गेला की कपाटाची दारं उघडून-मिटून बघता येतात. प्लंबरचं काम मात्र जेवढं नीट, तेवढं नजरेआड. पाइप भिंतीत जातो, त्यावर प्लास्टर चढतं, प्लास्टरवर टाइल बसते. मग त्या टाइलमागे एल्बो, म्हणजे पाइप वळवणारा जोड, सरळ बसलाय की ओढूनताणून, पाइप जोडायचं सोल्युशन सगळीकडून लागलंय की एकाच बाजूला, जोड सुकायला वेळ दिलाय की लगेच पाणी सोडलंय, हे काम करणाऱ्यालाच ठाऊक. खराब जोड त्याच दिवशी बोलत नाही. तो वर्षभर गप्प राहतो. मग कधीतरी पलीकडच्या खोलीत भिंतीला पोपडे धरतात, कपाटामागून कोंदट वास यायला लागतो, आणि तोवर त्या माणसाचा नंबर बंद झालेला असतो.

जुन्या घरात राहणाऱ्याला हा विषय टाळता येत नाही. मलाही आला नाही. इतक्या वर्षांत घरी आलेल्या प्लंबर मंडळींकडे बघून माझं एक मत पक्कं झालंय. हातातली कला बऱ्याच जणांकडे असते. पाना धरणं, आटे पाडणं, पाइप कापणं, हे सगळं सवयीने येतं. दुर्मीळ असते ती कुणी बघत नसतानाही काम नीट करण्याची खोड. आपण पैसे मोजतो ते खरं तर तिच्यासाठी.

ही काळजी आजची नाही. इ.स. ९७मध्ये रोम शहराच्या पाणीपुरवठ्याची जबाबदारी फ्रॉन्टिनस नावाच्या अधिकाऱ्याकडे आली. त्याने सगळी व्यवस्था स्वतः फिरून तपासली आणि जे दिसलं ते लिहून ठेवलं. कुठे मंजूर मापापेक्षा मोठ्या तोट्या बसवलेल्या, कुठे तोटीवर अधिकृत शिक्काच नाही. पाण्याचा हक्क एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेला की नळवाले टाकीला नवं भोक पाडायचे, जुनं तसंच उघडं ठेवायचे आणि त्यातलं पाणी परस्पर विकायचे. रस्त्यांखालून जाणाऱ्या नळांनाही जागोजागी चोरून भोकं पाडलेली होती. नळ जमिनीखाली आणि त्यांची माहिती फक्त नळवाल्यांच्या डोक्यात, अशी सगळी अडचण. पुढे दोन हजार वर्षांत पाइप शिशाचे लोखंडाचे झाले, लोखंडाचे प्लास्टिकचे झाले, पण या अडचणीत काडीचा फरक पडलेला नाही.

मला विश्वासू माणूस कसा ओळखावा हे शिकवलं ते बाथरूमच्या पाठीमागच्या भिंतीने. तिच्यावर जमिनीपासून गुडघाभर उंचीपर्यंत ओल चढली होती. पहिला प्लंबर आला, त्याने भिंतीवर बोटांनी ठोकून बघितलं आणि उभ्या उभ्या निकाल दिला, "लाइन गेलीय. टाइल फोडून सगळी नवी टाकावी लागेल." हातात छिन्नी तयारच होती. मी त्याला थांबवलं आणि ओळखीतून कळलेल्या एका वयस्क प्लंबरना बोलावलं. मी त्यांना काका म्हणते, ते मला ताई म्हणतात.

काकांनी पिशवी दाराशी ठेवली आणि भिंतीला हात लावण्याआधी स्टूल मागून घेतलं. बसून त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. "ताई, ओल रोज तेवढीच असते की कमी-जास्त होते? तुम्ही गावाला गेला होता तेव्हा वाळली होती का? पावसात वाढते? कपडे धुता त्या दिवशी वाढते की आंघोळीनंतर?" मी आठवून आठवून उत्तरं दिली. आम्ही बाहेरगावी गेलो होतो तेव्हा भिंत बरीच सुकलेली मिळाली होती, हे मला त्यांनी विचारल्यावरच लक्षात आलं. ते म्हणाले, "मग नळाची लाइन नसावी. तरी बघून घेऊ."

घरातले सगळे नळ बंद केले, फ्लशची टाकी भरू दिली आणि ते पाण्याच्या मीटरपाशी जाऊन उभे राहिले. काटा हलला नाही. यामागचं कारण साधं आहे. नळाच्या लाइनमध्ये पाणी कायम दाबाखाली असतं. तिथे भोक असेल तर ते दिवसरात्र गळत राहतं, घरात माणूस असो वा नसो, आणि मीटर ते दाखवतो. मीटर नसेल तर टाकीतल्या पाण्याच्या पातळीला खूण करून रात्रभर वापर बंद ठेवला तरी तेच कळतं. सांडपाण्याच्या पाइपचं तसं नाही. त्यातून पाणी फक्त वापराच्या वेळी जातं, त्यामुळे त्याची गळतीही वापराबरोबर येते-जाते. तिसरी शक्यता फरशीच्या सांध्यांची. तिथे पाइप दोन्ही धडधाकट असतात, पण टाइलमधल्या फटी भरणारं ग्राउट झिजलेलं असतं आणि अंगावरून पडलेलं पाणी फटीतून खाली मुरतं. चौथी बाहेरून येणाऱ्या पावसाची. चारही ठिकाणी भिंतीवरची ओल दिसायला सारखीच. उपाय मात्र चार वेगळे, आणि त्यातला एकच टाइल फोडून लाइन बदलण्याचा.

काकांनी मग मोरीच्या जाळीत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फडक्याचा बोळा घट्ट बसवला आणि जमिनीवर बोटभर पाणी साठवलं. पाण्याच्या कडेला टाइलवर पेन्सिलने रेघ मारली. "उद्या येतो. तोवर इथे पाणी ओतू नका." दुसऱ्या दिवशी पाणी रेघेच्या चांगलंच खाली होतं. बोळा काढून त्यांनी वरच्या नळाखाली बादली लावली आणि बादलीभर पाणी थेट पाइपात सोडलं, जमीन कोरडी ठेवून. त्याने ओल वाढली नाही. म्हणजे सांडपाण्याचा पाइप निर्दोष, दोष नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे जाळीखालच्या पाणी धरून ठेवणाऱ्या भांड्याच्या कडेला, जिथे फरशी आणि ट्रॅप एकमेकांना भेटतात त्या फटीत. त्यांनी ट्रॅपभोवतीच्या चार टाइल काढल्या, कड साफ केली, ती नीट भरली आणि फरशीचा उतार ट्रॅपकडे करून घेतला. उरलेल्या जमिनीचे सांधे त्यांनी स्वतः भरले नाहीत. "हे वॉटरप्रूफिंगवाल्याकडून करून घ्या, माझ्याकडे ते सामान नाही आणि हातही नाही," असं स्पष्ट सांगितलं.

हे वाक्य मला फार मोलाचं वाटतं. जो माणूस आपल्या कामाची हद्द सांगतो, त्याने हद्दीच्या आतलं काम मनापासून केलं असेल असं मानायला आधार असतो. सगळंच येतं म्हणणाऱ्याबद्दल तो आधार मिळत नाही.

अशीच गोष्ट पाण्याच्या जोराची. "प्रेशर नाही" ही तक्रार केली की बरेच जण लगेच पंप सुचवतात. उंचीवरची टाकी आणि नळ यांत दहा मीटर अंतर असेल तेव्हा कुठे एक बार (बार हे दाबाचं माप) दाब मिळतो. टाकी नळाच्या जेमतेम तीन मीटर वर असेल तर दाब त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकाच असणार, यात प्लंबरचा काही दोष नाही. पण काल बरा असलेला जोर आज कमी झाला असेल तर उंची काही रातोरात बदललेली नसते. आधी नळाच्या तोंडाची बारीक जाळी काढून बघायची. वाळू, क्षार, गंजाचे कण तिथेच अडकतात. मग अँगल कॉक, म्हणजे नळाआधीचा भिंतीवरचा छोटा कॉक, अर्धवट बंद आहे का ते बघायचं. काका हे सगळं बघून झाल्यावरच पंपाचं नाव काढतात, आणि माझ्याकडे ते कधी काढावं लागलं नाही.

नळ गळण्याचं काम सगळ्यात किरकोळ मानलं जातं. सेकंदाला एक थेंब आणि थेंब पाव मिलिलिटरचा धरला तर दिवसाला वीस लिटरच्या वर पाणी जातं, तरी लोक म्हणतात, वायसरच तर बदलायचाय. मला मात्र या किरकोळ कामातच माणूस सगळ्यात चांगला कळतो. एकदा काकांनी नळ उघडून जुना वायसर बाहेर काढला, तळहातावर ठेवून मला दाखवला. रबर कडक होऊन एका बाजूला चंद्रकोरीसारखं झिजलं होतं. नवा वायसर पिशवीत होता, तो बसवून पाच मिनिटांत निघता आलं असतं. त्याऐवजी त्यांनी नळाच्या आत करंगळी घातली आणि वायसर ज्यावर टेकतो त्या पितळी कडेवरून ती सावकाश फिरवली. एका जागी बोट थांबलं. "इथे खाच पडलीय. नवा वायसर याच जागी परत कापला जाईल. चार महिन्यांत तुम्ही मला पुन्हा बोलवाल." बैठक घासायचं छोटं हत्यार त्यांनी काढलं, कड गुळगुळीत केली, पुन्हा बोट फिरवलं, पुन्हा थोडं घासलं. मगच वायसर बसला. त्या नळाने पुढे तक्रार केली नाही. नुसता वायसर बदलला असता तरी मला काही कळलं नसतं, आणि चार महिन्यांनी मी त्यांनाच पुन्हा पैसे दिले असते. हे त्यांनाही माहीत होतं.

सामान कोणतं वापरलं जातंय याकडे घरमालकाने लक्ष द्यायला हवं असं माझं ठाम मत आहे, कारण इथेच सर्वात जास्त गडबड होते. आमच्या गिझरच्या लाइनमध्ये पूर्वी कुणीतरी साध्या पीव्हीसीचा वीतभर तुकडा जोडून ठेवला होता. पीव्हीसी ६० अंश सेल्सिअसपर्यंतच्या पाण्यासाठी असतं, त्यापुढे ते मऊ पडतं, वाकतं, जोडापाशी सैल होतं. गरम पाण्याला सीपीव्हीसी हा वेगळा प्लास्टिक पाइप लागतो, तो ८० अंशांच्या वरचं पाणीही सोसतो. त्याचं सोल्युशनही वेगळं. सोल्युशन हे दोन पाइप नुसते चिकटवत नाही. ते दोन्ही पृष्ठभाग विरघळवून मऊ करतं आणि सुकताना ते एकजीव होतात. म्हणून टोक कोरडं हवं, कापल्यावरचा भुसा पुसलेला हवा, पाइप आत घालताना किंचित फिरवायला हवा, काही क्षण दाबून धरायला हवा आणि पूर्ण दाब द्यायच्या आधी डब्यावर लिहिलेला वेळ जाऊ द्यायला हवा. घाईचा माणूस हा शेवटचा भाग गाळतो. पाणी लगेच सुरू झालं म्हणून घरचेही खूश होतात.

टेफ्लॉन टेपचंही तसंच. ती आट्यांच्या दिशेने गुंडाळली तर जोड आवळताना घट्ट बसते, उलटी गुंडाळली तर आवळता आवळता गोळा होऊन बाहेर येते. कुणी टेप लावताना टोकाकडे बघून दिशा ठरवतोय का, एवढं जरी बघितलं तरी अंदाज येतो. तांब्याचा पाइप आणि जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप थेट एकमेकांना जोडला की पाण्यामुळे लोखंड त्या जागी भराभर गंजतं. मध्ये वेगळा जोड द्यावा लागतो, आणि तो दिलाय का हे विचारणं यात उद्धटपणा काही नाही. चांगला कारागीर असल्या प्रश्नाने खुलतो, असा माझा अनुभव आहे. चिडणारा बहुधा उत्तर नसल्यामुळे चिडतो.

भिंत बंद करण्याआधीचा एक दिवस मी कधीच सोडत नाही. नवी लाइन टाकली की सगळी टोकं बंद करून, हातपंपाने नेहमीच्या दाबाच्या साधारण दीडपट दाब भरून, काटा काही तास तिथेच टिकतो का ते बघायचं असतं. गवंडी दाराशी खोळंबलेला असतो, घरात धूळ असते, सगळ्यांना सगळं उरकायचं असतं, आणि नेमकी हीच चाचणी वगळली जाते. ती होईपर्यंत टाइल लावू न देणारा प्लंबर मिळाला तर त्याला जपावं. त्याच दिवशी उघड्या पाइपांचे फोटोही काढून ठेवावेत, शेजारी मोजपट्टी धरून, म्हणजे पुढे भिंतीत खिळा ठोकताना पाइप कुठून गेलाय ते कळतं.

सांडपाण्याच्या बाजूला तर प्रश्न ओलीच्या पलीकडचा असतो. बेसिनखालचा पाइप वाकडा असतो, त्या बाकात पाणी थांबून राहतं, साधारण पन्नास मिलिमीटर खोल. तेवढंच पाणी गटारातली हवा घरात येऊ देत नाही. या बाकालाच ट्रॅप म्हणतात. १७७५मध्ये अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने संडासाच्या पेटंटमध्ये अशा वाकड्या नळीचा वापर केला. इतकी साधी युक्ती, पण तिच्यावाचून घराच्या आत संडास-बाथरूम आणणं अवघडच गेलं असतं. आणि तरी मी असे प्लंबर पाहिलेत जे बेसिनचं पाणी हळू जातंय म्हणून हा बाक काढून तिथे सरळ पाइप लावून देतात. पाणी झरकन जातं, आणि घरात वास सुरू होतो.

वासावरच थांबलं तर बरं. २००३मध्ये सार्स या श्वसनरोगाच्या साथीत हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या उंच इमारतींच्या वसाहतीत ३००हून अधिक रहिवाशांना लागण झाली. तपासात बाथरूमच्या जमिनीतल्या कोरड्या पडलेल्या ट्रॅपकडे बोट गेलं. लोक फरशी पुसून घेत, तिच्यावर पाणी ओतत नसत, त्यामुळे बाकातलं पाणी उडून गेलं होतं. एग्झॉस्ट पंखा लावला की सामायिक पाइपातली दूषित हवा तुषारांसकट आत ओढली जात असावी, असा निष्कर्ष निघाला. हे वाचल्यापासून वापरात नसलेल्या बाथरूमच्या जाळीत मी अधूनमधून तांब्याभर पाणी ओतते. आणि "ट्रॅपची काय गरज आहे" म्हणणाऱ्या माणसाला घरात काम देत नाही.

चांगला प्लंबर टिकवायचा तर आपल्याकडूनही काही गोष्टी व्हाव्या लागतात. तपासणीचे पैसे वेगळे द्यायला लोक कां कू करतात, याचं मला वाईट वाटतं. काकांनी दोन दिवस येऊन ओलीचं मूळ शोधलं, ते शोधणं हेच मोठं काम होतं, फटी भरणं त्या मानाने थोडकं. बघण्याचे पैसे द्यायचे नाहीत असं ठरवलं की प्लंबरला कमाईसाठी फोडण्याचाच रस्ता उरतो. पाइप तुंबल्यावर आपण आधी त्यात काही ओतलं असेल तर तेही सांगायला हवं. तुंबलेल्या पाण्यात कॉस्टिक, म्हणजे कातडी भाजणारा क्षार, असू शकतं आणि समोरचा माणूस उघड्या हाताने ट्रॅप खोलायला बसतो, डोळे त्याच उंचीवर ठेवून. ब्लीच आणि अ‍ॅसिड एकत्र आलं तर क्लोरीन वायू सुटतो. हे न सांगणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ आहे.

ऑनलाइन ताऱ्यांवरून माणूस निवडण्यावर माझा फारसा भरवसा नाही. तारे दिले जातात काम झालं त्या संध्याकाळी, गळती थांबल्याच्या आनंदात. वेळेवर आला का, नीट बोलला का, कचरा उचलला का, एवढं त्यातून कळतं, आणि तेही थोडकं नाही. पण भिंतीमागच्या जोडाचा निकाल वर्ष-दोन वर्षांनी लागतो, तेव्हा परत जाऊन कोण लिहितं? म्हणून मी विचारते ते ज्याच्या घरचं काम जुनं झालंय अशाला. काम कसं झालं होतं हे तर विचारतेच, पण मुख्य प्रश्न असतो की नंतर काही बिघडलं तेव्हा तो परत आला का? बिघाड कुणाच्याही हातून होऊ शकतो. फोन उचलून येणारे कमी असतात. आणि माणूस पारखायचा तो एखाद्या लहान कामावर, सवडीने. घोट्याभर पाण्यात उभं राहून नंबर शोधणाऱ्याला निवड करता येत नाही, जो येईल तो घ्यावा लागतो.

काका आता फारसे जिने चढत नाहीत. बरोबर येणारा मुलगा काम करतो, ते खाली बसून सूचना देतात. मागच्या खेपेला त्याने फ्लशच्या टाकीत नवा व्हॉल्व्ह बसवला, पाणी भरलं आणि पिशवी आवरायला घेतली. काकांनी टाकीत रंग टाकायला लावला. रंग भांड्यात उतरला नाही हे बघेपर्यंत, म्हणजे चांगला अर्धा तास, दोघंही बसून राहिले. मुलगा कंटाळला होता, ते दिसत होतं. काका त्याला म्हणाले, "पुढच्या घरी उशीर झाला तर मी सांगेन."

त्यांचा नंबर माझ्याकडून बरेच जण घेतात. देताना मी सांगून ठेवते की यायला त्यांना एखाद-दोन दिवस लागतील. तोवर गळणाऱ्या लाइनचा कॉक बंद ठेवा. मुख्य कॉक कुठे आहे ते माहीत नसेल तर आजच शोधा आणि फिरतो का बघा, वर्षानुवर्षं न फिरवलेला व्हॉल्व्ह ऐन वेळी जाम होतो. ओल कधी वाढते, कधी उतरते ते तारखेसह कागदावर लिहून ठेवा, ते आल्या आल्या तेच विचारतील. आणि मधल्या वेळात दुसरा कुणी आला तर बघू द्या, पण टाइलला हात लावू देऊ नका.